खाडीच्या अलीकडे

माझ्या थोरल्या बहिणीच्या देवघरात पितळेची एक डबी आहे, लिंबाएवढी. तिच्यात अंगारा आहे. गेली तीस वर्षं ती रोज आंघोळीनंतर त्यातला चिमूटभर कपाळाला लावते. संपत आला की उदबत्तीची राख मिसळून वाढवते, म्हणजे मूळचा पुरता संपू नये. तो अंगारा आमच्या कुलदेवीचा नाही. वरंधा घाटाच्या पायथ्याशी एक चहावाला होता, त्याच्या चुलीतली ती राख आहे. मी ती रुमालातून गाळली आणि कागदात बांधून घरी आणली. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

आम्ही मूळचे कोकणातले. पणजोबा कधीतरी घाट चढून आले आणि इंदापुरात राहिले. वडील, आम्ही त्यांना तात्या म्हणत असू, कचेरीत कारकून होते. आई लवकर गेली. ताईनं सोळाव्या वर्षापासून घर अंगावर घेतलं, मॅट्रिक झाली आणि मुलींच्या शाळेत शिकवायलाही लागली. मी तिच्याहून पाच वर्षांनी लहान. मला घरात काम म्हणून काही नव्हतं.

ताईचं लग्न एकदा ठरलं होतं. साखरपुडा झाला आणि महिन्याच्या आत मुलगा विषमज्वरानं गेला. गावात तोंडावर कुणी बोललं नाही, म्हणजे पाठीमागं सगळे बोलले. हळदीकुंकवाची बोलावणी कमी झाली. ती कुणाच्या लग्नघरी गेली की मुलीची आई मुलीला आत हाक मारायची. ताई हे सगळं बघायची आणि वह्या तपासत बसायची.

मग चार वर्षांनी बारामतीच्या एका मास्तरांनी तिला मागणी घातली. शिक्षकांच्या कुठल्याशा शिबिरात त्यांनी तिला पाहिलं होतं. माणूस सरळ होता. त्यांना सगळं ठाऊक होतं आणि त्यांची आई तयार होती. तयार नव्हते ते आमचे तात्या.

"एक पोर गेलं," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या आईला मी काय तोंड दाखवू?"

 त्या दिवसांत ताई कामं करताना गुणगुणायची आणि आपण गुणगुणतोय हे लक्षात आलं की थांबायची. त्यावरून मला कळलं. तात्यांनाही कळलं असणार, कारण शेवटी त्यांनी वाट काढली, ती त्यांना सुचेल तशी. देवीला कौल लावायचा.

घाटावर हा प्रकार फारसा नाही, म्हणून सांगतो. देवळात गुरव फुलाच्या पाकळ्या ओल्या करून मूर्तीच्या दोन्ही अंगांना चिकटवतो आणि आपला प्रश्न देवीला घालतो. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. हे पत्रानं होत नाही. घरातलं माणूस समोर उभं लागतं. आमची देवी गुहागरच्या पुढं एका वाडीत. तात्यांना दमा, त्यांना घाट उतरवत नव्हता. ताईनं स्वतःच्या लग्नाचा कौल स्वतः लावायला जायचं, हे तर कुणाच्या मनातही आलं नाही. राहिलो मी. बी.ए.ची परीक्षा नुकतीच झाली होती.

एस.टी.नं नि लाँचनं जाऊन येऊन पाच दिवसांचं काम. पण मला सायकलवर जायचं होतं. शाळेतल्या नकाशावर मी तो किनारा बोटानं कितीदा गिरवला होता. एकट्यानं, समुद्र उजव्या हाताला ठेवून, खाड्या ओलांडत दक्षिणेला जायचं. तात्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुला कौल आणायला पाठवतोय, सहलीला नव्हे."

"जाऊ दे ना तात्या," ताई म्हणाली. "दिवस आहेत हातात. त्याला कधी काही मागितलेलं मिळालंय का?"

तिच्याच शब्दावर मला सायकलवर जायला मिळालं, हे मी विसरू म्हणता विसरत नाही.

मास्तर आणि त्यांची आई अक्षय्य तृतीयेला उत्तर ऐकायला इंदापूरला येणार होते. माझ्याजवळ सोळा दिवस होते. कॅरिअरला सतरंजी, तांब्या, दोन सदरे, ट्यूबचे पॅच आणि सोल्युशन. ताईनं धपाटी, शेंगदाण्याची चटणी नि गूळ बांधून दिला. वेगळ्या फडक्यात देवीसाठी नारळ आणि हिरवा खण. सायकल तपासून घ्यायला नेली तेव्हा दुकानदार चाक फिरवत म्हणाला, "कोकणात? ह्या सायकलीवं? आवो, हितनं भिगवणला जाताना चेन पडती हिची."

"पडली तर बसवीन."

"बसवा की. आन् तितं कुणी नसलं तर समुद्राला हाका मारा."

पहिल्या दिवशी बारामतीला मास्तरांकडं मुक्काम केला. कालव्याजवळच्या खोलीत राहायचे. मी कशासाठी निघालोय हे त्यांना माहीत होतं आणि त्याविषयी त्यांनी एक शब्द काढला नाही. सकाळी निघताना स्वतःच्या सायकलीचा पंप काढून माझ्या दांड्याला बांधून दिला. "घाटात उपयोगी पडेल. येताना द्या," म्हणाले.

कोऱ्हाळ्याचा ऊस, नीरेचं स्टेशन, शिरवळ, भोर. वरंधा घाट मी निम्मा ढकलत चढलो आणि उतारावर ब्रेकांचं रबर जाळत उतरलो. महाडला पोचलो. तिथून मंडणगडच्या बाजूनं, लाल मातीच्या रस्त्यानं, बाणकोटच्या खाडीपर्यंत. आणि मग समुद्र.

त्या आठवड्याइतका मी पुढं कधी सुखी झालो नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण माझ्या वाटणीचं सुख कुणाच्या वाटणीतून आलं ते पुढं कळेल. रस्ते जिथं संपायचे तिथं किनाऱ्यावर उतरायचं. ओहोटीला पाणी मागं सरलं की ओली वाळू इतकी घट्ट होते की चाकाचा नुसता बारीक ठसा उठतो. वळण नाही, खड्डा नाही, समोरून बैलगाडी नाही. खाडी आली की सायकल होडीत आडवी घालायची, पलीकडं उतरून पुन्हा टांग मारायची. केळशी, आंजर्लं, हर्णै. मला कुणी ओळखत नव्हतं. मी कुणाचा मुलगा, कुणाचा भाऊ नव्हतो.

हर्णैच्या पुढं, मुरूड-कर्द्याच्या किनाऱ्यावर, मी एक रात्र राहायचं म्हणून थांबलो आणि चार दिवस राहिलो. दुसरं काही कारण नाही. ओहोटी लागली की सायकल काढायची, या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं आणि परत यायचं. ज्यांच्या पडवीत मी पथारी टाकली होती ते आजोबा दुपारी विचारायचे, "काय हो, काही हरवलंय का तुमचं तिकडे? सारखे जाताय येताय ते."

"नाही, उगीच."

"मग पुढं कधी जाणार?"

"उद्या."

तिसऱ्या दिवशी चेन खाऱ्या वाळूनं धरली. पुसायला फडकं नव्हतं. मी देवीचा खण काढला आणि त्यानं चेन पुसली. पुसताना मनात म्हटलं, गुहागरला बाजार आहे, दुसरा घेऊ. काळा झालेला खण कॅरिअरखाली खोचला. पुढचं सगळं खरं म्हणजे तिथूनच सुरू झालं. एक वस्तू कमी झाली होती आणि काही बिघडलं नव्हतं.

दाभोळला पोचलो तेव्हा शेवटची होडी गेलेली. सकाळी धक्क्यावर येऊन बसलो. समोर खाडी, पलीकडं गुहागरचा तालुका. तिथून देवळापर्यंत जाऊन परत धक्क्यावर यायला मला दोन दिवस लागले असते. आणि इंदापूर गाठायला हातात होते सहा. सायकलीनं परतीला सहाच लागणार होते, आणि एस.टी.च्या भाड्याइतके पैसे उरले नव्हते. दोन दिवस मी मुरूडच्या वाळूत उडवले होते. दोन नव्हे, चार.

तार करता आली असती. 'दोन दिवस थांबा', एवढंच. दाभोळला पोस्ट होतं. मी त्याच्यासमोरून सायकल हातात धरून दोनदा गेलो. तार केली की उशीर का झाला ते सांगावं लागलं असतं. किनाऱ्यावर सायकल फिरवत होतो, हे ताईच्या लग्नाचा कौल आणायला गेलेल्या भावानं कसं सांगायचं?

होडीवाला नारळाकडं बघत होता. "कुठून येताय?"

"इंदापूर. पुणे जिल्हा."

"आणि नारळ तिकडून आणलात? आमच्याकडे डोक्यात पडतात ते, नि तुम्ही घाटावरनं घेऊन आलात." धक्क्यावरची माणसं हसली. मीही हसलो. "बसा, चला. भरती आहे तोवर सोडतो."

मी म्हणालो, पुढच्या खेपेला येतो. ती होडी गेली. पुढची आली, तीही गेली. कधीतरी उठून मी नारळ धक्क्याच्या दगडावर फोडला आणि तिथंच बसून खाल्ला. सकाळपासून पोटात काही नव्हतं. मग सायकल दापोलीच्या रस्त्याला वळवली.

माझ्याजवळ कारणं होती. मी कॉलेजात शिकलेला, देव न मानणारा. वाऱ्यानं पडणाऱ्या पाकळीवर माणसाचं आयुष्य ठरवायचं हे मला हास्यास्पद वाटायचं. पाकळीपेक्षा माझं मत काय वाईट? ताईला ते हवे आहेत, माणूस चांगला आहे, तेव्हा उजवा कौल मिळाला असं सांगायचं. देवीला विचारून तरी याहून चांगलं काय होणार होतं? सगळा रस्ता मी स्वतःशी हे घोकत आलो, आणि घाटाच्या पायथ्याशी येईपर्यंत मला आपण मोठं शहाणपण केल्यासारखं वाटायला लागलं होतं.

तिथं चहाला थांबलो तेव्हा आठवलं, अंगारा हवा. चहावाल्याला म्हटलं, "थोडी राख द्याल का?"

"राख? कशाला?"

"तांब्या घासायचाय."

"घ्या की ढीगभर. राखंला काय तोटा." त्यानं फावडीनं पुढ्यात ओढून दिली. मी वरची पांढरी, मऊ तेवढी उचलली.

बारामतीत शिरलो तो दुपारी. मास्तर खोलीतच होते. सुट्टी होती शाळेला. मला पाणी दिलं, पंखा दिला, प्रवास कसा झाला विचारलं. कौलाचं विचारलं नाही. विचारणार नाहीत हे मला ठाऊक होतं, आणि मला त्यांची गंमत करायची हुक्की आली. निघताना म्हणालो, "घरी सांगितल्याशिवाय तुम्हाला सांगता येत नाही. पण पेढे आणून ठेवा."

ते हसले नाहीत. मान खाली घालून उभे राहिले, आणि त्यांचे कान लाल झालेले मला दिसले. त्या गडबडीत पंप द्यायचा राहिला.

इंदापूरला घरी पोचलो तेव्हा तात्या ओसरीत खुर्चीवर होते. ताई स्वयंपाकघराच्या दाराआड. तिचं पाऊल उंबऱ्यावर दिसत होतं. मी अंगाऱ्याची पुडी तात्यांच्या हातात दिली. त्यांनी ती कपाळाला लावली आणि मला समोर बसवलं.

"सांगायच्या आधी ऐक," ते म्हणाले. "उजवी म्हणालास तर मी मुलगी देणार. उद्या त्या मास्तरांच्या जिवाचं काही वेडंवाकडं झालं, तर त्यांच्या आईला मी सांगेन, देवीनं होय म्हटलं होतं. माझ्याजवळ दुसरा आधार नाही. तेव्हा नीट आठवून सांग. तू समोर उभा होतास ना?"

"होतो."

"आधी कुठली पाकळी पडली?"

मी आयुष्यात कधी देव मानला नव्हता. त्या घटकेला मानला. डोळ्यांसमोर मास्तर आले, अंथरुणावर, त्या पहिल्या मुलासारखे तापानं फणफणलेले, आणि उशाशी त्यांची आई. तिला तात्या सांगताहेत, देवीनं होय म्हटलं होतं. आणि मला एकट्याला ठाऊक, की ते देवीनं म्हटलेलं नाही. होय म्हटलं की पुढं जे घडेल ते माझ्या शब्दावर घडणार. नाही म्हटलं की काहीच घडत नाही. नाही म्हटल्यानं कुणी मरत नाही. असा मी विचार केला, दोन श्वासांत.

"डावी," मी म्हणालो.

तात्यांनी डोळे मिटून घेतले. दाराआडचं पाऊल हललं नाही. थोड्या वेळानं ताई बाहेर आली, पुडी तात्यांच्या हातातून घेतली आणि मला विचारलं, "नारळ फोडलास ना तिच्यापुढं?"

"फोडला."

"खण?"

"वाहिला."

"बरं केलंस," म्हणाली. मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं होतं, आणि त्या दुपारी मी पोटभर जेवलो. ताई मागल्या दारी माझे कपडे धूत होती. तिथूनच म्हणाली, "केवढं मीठ आहे रे या सदऱ्यात. तीन पाण्यांतनं काढलं तरी जात नाही." तिचा आवाज रोजच्यासारखाच होता.

अक्षय्य तृतीयेला मास्तर आणि त्यांची आई आली. तात्यांनी हात जोडून सांगितलं. म्हातारी बिचारी म्हणाली, "देवीच्या मनात नाही तर आपण काय करणार." तिच्या मांडीवर पिशवी होती आणि पिशवीतून पेढ्यांच्या पुड्याचा कोपरा वर आला होता. मास्तरांनी एकदाच माझ्याकडं पाहिलं. चिडून नाही. मी काही चुकीचं ऐकलं होतं का, असं विचारल्यासारखं. मी उठून विहिरीवर गेलो. ताईनं दोघांना पन्हं दिलं आणि रिकामे पेले उचलून आत नेले.

पुढं मी वकील झालो. मी पुण्याला शिकत होतो तेव्हा घर ताईच्या पगारावर चालत होतं. तात्यांचा दमा अकरा वर्षं चालला; तो तिनं काढला. ताईचं लग्न झालं असतं तर यातलं काय जमलं असतं हा प्रश्न मी स्वतःला फार उशिरा विचारला. 'डावी' म्हणताना तो माझ्या मनात नव्हता असं मी बरीच वर्षं धरून चाललो. आता तेही छातीठोक सांगवत नाही.

मास्तरांनी दोन वर्षांनी लग्न केलं. मुलं झाली, हेडमास्तर झाले. ताईची बदली बारामतीला झाली आणि ती तिथंच कालव्याजवळ दोन खोल्यांत राहायला लागली. एकाच गावात दोघं. गाठ पडली की नमस्कार, त्यापलीकडं काही नाही. मी असले नमस्कार दोनदा पाहिलेत. त्यांना पाहून मी टपरीआड जातो. पंप अजून माझ्या माळ्यावर आहे.

दोन-तीन वर्षांमागं ताई मला एस.टी. स्टँडवर सोडायला आली होती. समोरून मास्तर चालले होते, सायकल हातात, दांडीवर नात बसवलेली. ताईनं त्यांना वळणापर्यंत पाहिलं आणि मला म्हणाली, "साठीला आले बघ. नातवंडं झाली. देवीनं वेळेवर सांगितलं म्हणून. नाहीतर मी खाल्ले असते त्यांना."

खाल्ले असते. माझ्या बहिणीच्या तोंडचा शब्द. म्हणजे इतकी वर्षं ती हे मनात धरून जगत होती. आपण ज्याच्या घरी जाऊ तो मरतो, हे गाव म्हणत होतं तोवर तिनं मानलं नव्हतं. मास्तर तिला हवे होते, म्हणजे मानलं नव्हतंच. मी देवीच्या नावानं सांगितलं तेव्हा मानलं. आणि त्यातूनच तिनं आधारही शोधला: मी दूर राहिले म्हणून तो माणूस जगला.

तेव्हापासून मी या आधाराच्या आड लपलोय. खरं सांगितलं तर तिचा तेवढाही आधार जाईल, ही माझी दया. दया कसली. वकिली करून इतकं कळतं, की ज्या दयेनं आरोपीचाच फायदा होतो, तिची उलटतपासणी घ्यावी.

हे आता लिहायला बसलो, कारण गेल्या महिन्यात ताईकडं गेलो होतो. येत्या मे महिन्यात ती निवृत्त होते. चहा देताना म्हणाली, "एकदा देवीला जाऊन यावं म्हणते. तात्यांना जमलं नाही, मला कधी सवड झाली नाही. आपल्यातला तूच तेवढा जाऊन आलायस. तू चल बरोबर. वाट तुला ठाऊक आहे."

मी हो म्हणालो. अजूनही मला हो-नाही पटकन म्हणता येतं.

वाट मला दाभोळच्या धक्क्यापर्यंत ठाऊक आहे. पलीकडं देऊळ कौलारू आहे की पत्र्याचं, देवी उभी आहे की बसलेली, मला माहीत नाही. ताईनं पहिल्या वर्षी हे सगळं मला विचारलं होतं आणि मी सगळं सांगितलं होतं, समईच्या उजेडासकट. होडीत बसण्याआधी मला तिला सांगावं लागेल, नाहीतर गाभाऱ्यात उभी राहिल्यावर ती आपल्या डोळ्यांनी बघेल.

तिनं मला कधी कशाचा जाब विचारला नाही, म्हणून मी तिचं काय देणं लागतो हे मीच लिहून ठेवतो. मी देवळात गेलो नाही, देवीनं तुला नाही म्हटलं नव्हतं, ते मी म्हटलं, एवढी तीन वाक्यं तिच्यासमोर बसून मी तिला सांगायची आहेत. अजून सांगितलेली नाहीत.